नकाशावरची कोरी जागा

तुकुमा बाळा,

हिमनदी मागे सरली आणि तुझे बाबा जिथे बर्फाच्या भेगेत गेले, तिथे आता खाडी उघडलीय. नकाशावाला साहेब तिचं नाव विचारत आला. शेजारी म्हणाले, "इवालू, तुझ्या नवऱ्याचंच दे की!" मी खेकसले, "आधी बाळाला, मग पाण्याला!" गेलेल्या माणसाचं नाव एखाद्या बाळाला मिळेपर्यंत तोंडातून काढायचं नसतं, एवढंही विसरले मेले. साहेबाने जागा कोरी सोडली.

तिकडे कोपनहेगनला तुझे दिवस भरत आलेत. बाळाचं नाव सासरकडचंच ठेवणार म्हणालीस. ठेव. नाव मागून घ्यायचं नसतं, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

पण बाबांचं नाव आपणहून ठेवलंस, तर त्या तान्ह्याला मांडीवर घेऊन म्हणेन, "अहो, इतका उशीर?"

तुझी आई