अब्बांचं त्रिएस्ते

अब्बा, गेले चार महिने मी रोज दुपारी एका म्हाताऱ्या बाईंना तुमचं त्रिएस्ते सांगते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, माझं कसलं गो, त्यांचंच ते. आणि ते खरंच त्यांचं आहे. त्या इटलीतल्या त्या बंदरातच जन्मल्या, तिथेच ऐंशी वर्षं राहिल्या, आणि आता एकट्या राहू शकत नाहीत म्हणून मुलाने त्यांना इथे दोह्याला आणलं आहे. मुलगा गॅसच्या कंपनीत इंजिनियर आहे, द पर्लमध्ये राहतो. मी नर्स झाले हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं दुसरं वर्ष चालू होतं. आता मी एका एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघते. सकाळी व्हॅन येते, ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला, करत हॉर्न वाजवतो, आणि फरीज बिन ओमरानच्या आमच्या वस्तीतून निघालेली मी अर्ध्या तासात त्या चकचकीत बेटावर उतरते.

बाईंना औषधांची वेळ, जेवण, मुलाचं नाव यातलं काही लक्षात राहत नाही. पण दुपारचे चार वाजले की त्या कपाटातून लोकरीचा कोट काढतात, पर्स कोपरात अडकवतात आणि दारापाशी जाऊन उभ्या राहतात. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. म्हणतात, "उशीर झाला. वारा सुटायच्या आत घरी पोचायला हवं." मुलाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अडवू नकोस, मन दुसरीकडे वळव. मी टीव्ही लावून पाहिला, फोटोंचे आल्बम काढून पाहिले, चहा करून पाहिला. पाचव्या की सहाव्या दिवशी त्या कडीवर हात ठेवून रडायला लागल्या, अगदी शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या मुलीसारख्या. तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "डाव्या हाताला, पार टोकाला, पाण्यात घुसलेल्या खडकावर पांढरा किल्ला." त्या रडायच्या थांबल्या. "मग?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मग दीपस्तंभ. उंच, पांढरा, आणि त्याच्यावर पंखांची बाई." "मग?" "मग जुन्या बंदराची लांबच लांब गोदामं." असं करत करत मी टेकडीपर्यंत पोचले तोवर त्या कोटासकट खुर्चीत बसल्या होत्या आणि माझा हात धरून ठेवला होता.

तीस वर्षं मी त्यातला एक शब्द उच्चारला नव्हता, अब्बा. तरी तुमच्या क्रमाने सगळं जसंच्या तसं आलं.

तुम्ही बोटीवर भंडारी होतात. खलाशांचा स्वयंपाक करायचा, नऊ-दहा महिने जायचं, दोन महिने घरी यायचं, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. पण त्या वर्षी बोटीच्या मालकाची कसली तरी भानगड निघाली, तिथल्या कोर्टाने बोट त्रिएस्तेला रोखून धरली आणि मालक गायब झाला. सात महिने तुम्ही तिथे अडकलात. पगार नाही, परतीचं तिकीट नाही. त्या सात महिन्यांत तुमची तीन पत्रं आली, आणि तिन्हींत मजकूर जवळजवळ एकच. मी खुशाल आहे, शहर फार देखणं आहे, रोज फिरायला जातो, काळजी करू नये. अम्मी ती पत्रं मला मोठ्याने वाचायला लावायची. कोळंबी सोलायच्या कारखान्यात तिने काम धरलं होतं, दिवसभर बर्फात हात. वाचताना मी तिच्या बोटांकडे बघायची. सोललेल्या कोळंबीसारखीच झाली होती ती, पांढरी आणि सुरकुतलेली.

मग कोर्टाने बोट विकली, खलाशांना घरी पाठवलं आणि तुम्ही आलात. बॅगेत कपड्यांखेरीज कॉफीचा एक डबा होता, बाकी काही नाही. आणि आल्यापासून एकच विषय. मी भाकऱ्या थापत असायची आणि तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून अख्खं शहर मांडायचात. परात म्हणजे समुद्र. "ह्या समुद्राच्या मागं लगेच डोंगर, बघ, जागाच नाय. दगडाचं पठार हाय वर, पाणी नाय ठरत त्याच्यावर. म्हणून गाव पाण्याच्या कडेला चिकटून बसलंय." डाव्या बाजूला मिठाची बरणी, तो किल्ला. तांब्या म्हणजे दीपस्तंभ. मग ताटल्या उभ्या करून गोदामं, मग उलथनं आडवं ठेवून कालवा. कालव्याच्या टोकाशी खांबांचं चर्च, बाजूला निळ्या घुमटांचं दुसरं, सर्बियन लोकांचं. मग तो मोठा चौक, तीन बाजूंना इमारती आणि चौथी बाजू सरळ पाणी. उजवीकडे उपडा टोप, ती टेकडी, तिच्यावर जुना किल्ला आणि सर्वांत जुनं चर्च.

इतिहासही तुम्ही त्यातच मिसळायचात. हे आधी मासेमारीचं लहानसं गाव होतं. ऑस्ट्रियाच्या राजाला समुद्र हवा होता, म्हणून त्याने इथे बंदर खुलं केलं, कुणीही या, जकात नाही. मग ग्रीक आले, सर्बियन आले, ज्यू आले, प्रत्येकाने आपलं देऊळ बांधलं. तिथून थेट मुंबईला बोटी सुटायच्या, कॉफी उतरायची, कापूस उतरायचा. मग लढाई झाली आणि राजाच गेला, शहर इटलीचं झालं. इटलीला आधीच पुष्कळ बंदरं होती, तिला ह्याची काय गरज? "नवऱ्याच्या घरी आधीच चार सुना असल्या म्हंजे पाचवीला कोण विचारतंय," असं तुम्ही म्हणायचात. हे सगळं तुम्हाला एका लाँचवाल्याने सांगितलं होतं, पाणी आणि शिधा घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याने. तो बोट दाखवून दाखवून सांगायचा. कॉफीचा डबाही त्यानेच दिला होता. तुमची आणि त्याची भाषा एक नव्हती, तरी तुम्हाला सगळं कळलं.

मी चौदा वर्षांची होते. एका संध्याकाळी तुम्ही वाऱ्याचं सांगत होतात. बोरा नावाचा वारा पठारावरून खाली कोसळतो, माणसं उडू नयेत म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात. "तुम्ही धरला होता दोर?" मी विचारलं. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "धरला की." अम्मी चुलीशी होती, दुखऱ्या बोटांना खोबरेल लावत. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही तिकडे चर्च बघत हिंडत होतात, कॉफी पीत होतात, आणि इथे अम्मीची बोटं सडत होती. आम्हाला नका सांगू ते शहर." माझा आवाज फार मोठा नव्हता. तो मोठा असता तर बरं झालं असतं, तुम्ही मला रागावला असतात. तुम्ही टोप उचललात, तांब्या उचलून जागेवर ठेवलात, परात पुसलीत. "बरोबर हाय तुझं," एवढंच म्हणालात. त्यानंतर पुढच्या पाच वर्षांत तुम्ही माझ्यासमोर त्या शहराचं नाव काढलं नाही. आणि एके दिवशी बाजारातून येताना छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात.

आता रोज चार वाजता मी ते सांगते, आणि बाई मध्ये मध्ये भर घालतात. त्यांची आई ऑस्ट्रियाच्या राजवटीत जन्मली, त्या स्वतः इटलीत, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नऊ वर्षं शहरावर इंग्रज-अमेरिकन फौजांचा कारभार होता तेव्हा त्या शाळेत होत्या. माझ्याशी बोलतात ते इंग्रजी त्या शिपायांकडून शिकलेलं. "राज्यं बदलली, आमचा जिना तोच," त्या म्हणतात. पण त्यांचं शहर तुमच्यापेक्षा वेगळंच असतं. कोणत्या पायरीचा दगड फुटका, कोणत्या दुकानात काळ्या कॉफीला 'नेरो' म्हणतात, कोणत्या बोळात वारा लागत नाही म्हणून शाळेतून तिथून यायचं. किल्ला, दीपस्तंभ हे त्यांच्या बोलण्यात येतच नाहीत.

महिन्यापूर्वी एका गुरुवारी त्यांचा मुलगा लवकर घरी आला आणि दारात उभा राहून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "तुझे वडील जहाजावर होते, नाही? शहरात किती दिवस राहिले?"

"सात महिने," मी म्हटलं.

"शहरात? की जहाजावर?"

मला प्रश्नच कळला नाही. त्याने कागद घेतला, किनाऱ्याची रेघ ओढली आणि मी सांगितलेल्या एकेका गोष्टीवर फुली मारत गेला, डावीकडून उजवीकडे, एका ओळीत. मग पाण्यात, बऱ्यापैकी आत, एक ठिपका काढला. "इथून हे असंच दिसतं," तो म्हणाला. "याच क्रमाने. तू सांगतेस त्यात एकही गोष्ट अशी नाही जी इथून दिसत नाही. एकही गल्ली नाही. चर्चच्या आत काय आहे ते नाही. कॉफी भाजल्याचा वास वाऱ्याबरोबर तिथपर्यंत जातो. अशी अडकलेली जहाजं बाहेर नांगरावर उभी करतात, कित्येकदा माणसांना उतरायची परवानगी नसते." मी म्हटलं, ते वाऱ्यात दोर धरून चालले होते. तो म्हणाला, "बोरा सुटला की नांगरावरच्या जहाजाची काय अवस्था होते ते मी लहानपणी खिडकीतून बघितलंय. डेकवर बर्फ धरतो. तिथे दोर धरला असेल."

त्या दिवशी परतीच्या व्हॅनमध्ये मला पाणी आठवत होतं. लाँचवाला पाणी घेऊन यायचा, हे तुम्हीच तर सांगितलं होतं. शहरात राहणाऱ्या माणसाला पाणी घेऊन लाँच कशाला येईल? चौदाव्या वर्षी मला एवढंही सुचलं नाही, आणि नंतर मी कधी विचारच केला नाही.

शुक्रवारी अम्मीला फोन लावला. ती आता बहात्तर वर्षांची आहे, गुडघे धरलेत, आवाज खणखणीत. मी सरळ विचारलं, अब्बा त्या शहरात उतरले होते का गं?

"नाय," ती म्हणाली. इतकं सहज, जणू मी भाजीत मीठ आहे का विचारलं होतं. मग सांगायला लागली. तुमच्या बोटीवरचा तेलवाला, इंजिनाला तेल घालणारा, पलीकडच्या खाडीचा, आजारी पडून तुमच्या आधी महिनाभर परत आला होता. तो घरी येऊन सगळं सांगून गेला. सात महिने पाय जमिनीला लागले नव्हते. पाणी मोजून मिळायचं, आणि भंडारी सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं तर जेवायचा. "मी त्यांना काय बोलले नाय," अम्मी म्हणाली. "माणूस एवढ्या मेहनतीनं रचतोय आमच्यासाठी, ते कशाला मोडायचं?"

"आणि मी त्यांना तसं बोलले तेव्हा? तेव्हा तरी सांगायचंस."

ती म्हणाली, "सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. तेव्हा मला कळलं, मला ठाऊक हाय ते त्यांना पण ठाऊक हाय."

अब्बा, त्या स्वयंपाकघरात तिघं होतो, त्यातल्या दोघांना खरं माहीत होतं आणि तिसरी बोलत होती. माफी मागायची म्हटलं तर कशाकशाची मागू? मी तुम्हाला विचारायला हवं होतं की त्या चौकात फरशी कसली आहे. एवढं विचारलं असतं तरी तुम्ही अडखळला असतात, आणि मला कळलं असतं. बाईंना मी परवा विचारलं. त्या म्हणाल्या, करड्या दगडाची, पावसात चमकते. तुम्हाला ते कळवावं म्हणून लिहायला बसले, मग बाकीचं येत गेलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून आणखी एक लिहून टाकते. मी इथे आले त्या वर्षी अम्मीला सांगितलं की आमच्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. दिसत नाही. समोरच्या इमारतीची एसीची यंत्रं दिसतात, आणि खाली एक दुकान. काल फोनवर तिने विचारलं, आज समुद्र कसा आहे गो? मी म्हटलं, शांत आहे. ती म्हणाली, बरं.