ताईची भट्टी, भावोजींची गाडी

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते एका गाडीच्या मागच्या सीटवर. दचकू नकोस, पुढे वाच. आमच्या शोरूमच्या आवारात विकायच्या जुन्या गाड्यांची रांग असते. त्यातल्या शेवटच्या गाडीत बसून ती डबा खाते, कारण आत सगळ्यांबरोबर बसलं की टोमणे ऐकावे लागतात. परवा मी काच पुसायला गेलो, तर ती जरा सरकली आणि मला बसायला जागा केली. एवढंच. तेव्हापासून मी कामातून गेलोय.

ती म्हणजे नव्या गाड्यांच्या टेबलावरची. मी जुन्यांच्या. तू फोनवर खोदून खोदून विचारलंस, मी भडकून फोन आपटला आणि तू फर्मान काढलंस की यापुढे जे काय ते पत्रात. बरं, पत्रात. महिनाअखेरीला विक्रीचा हिशोब होतो. ज्याच्या नावावर सगळ्यात कमी विक्री, त्याला वरच्या मजल्यावर फोन उचलायला बसवतात. सध्या सगळ्यांच्या मागे तीच आहे, कारण गिऱ्हाइकाला खरं सांगायची तिला खोड. एकदा वर गेली की दिवसभर दिसायचीसुद्धा नाही. कॉलेज अर्धवट सोडून मी इथे गाड्या पुसतोय, त्यात डोळ्यांना तेवढंच एक सुख होतं.

आता भावोजींच्या गाडीचं. नवी एसयूव्ही की कंपनीने तपासून, हमी देऊन विकलेली जुनी? डोळे मिटून जुनी. डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंची तीन वर्षांची गाडी आली आहे. रंगाचा थर मी स्वतः यंत्र लावून बॉनेटपासून डिकीपर्यंत तपासला. कुठे ठोकलेली नाही. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, वर दोन वर्षांची हमी. नवी गाडी फाटकाबाहेर पडली की भाव उतरतो. तो फटका बाईंनी आधीच खाल्ला आहे, आपण पुन्हा कशाला खायचा? भावोजींना शनिवारी पाठव.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१६ ऑगस्ट

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या सीटचं वाचून मी खरंच दचकले होते. हे शेजारी बसून चहा पीत होते, म्हणून पत्र उलटं धरलं. आधी त्या मुलीला तुझ्याविषयी काय वाटतं ते तिला विचार. सरकून जागा तर मी बसमध्ये कुणालाही देते.

तुझ्या भावोजींचं काय सांगू! टाइल्सच्या दुकानातल्या भागीदाराने नवी कोरी गाडी घेतल्यापासून यांना दुकानात जाववत नाही. ती दाराशीच उभी असते. काल म्हणाले, त्याची गाडी बघून गिऱ्हाईक त्यालाच मालक समजतं आणि मला टाइल्स उचलणारा. मी म्हटलं, मग पोट आत घ्या. तडक आरशासमोर जाऊन उभे राहिले.

आता चेष्टा पुरे. तुला माहीत आहे, इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या लॅबमध्ये कृत्रिम दात घडवते आणि दुसऱ्याच्या भट्टीत भाजते. यांनी जुनी गाडी घेतली तर उरलेल्यात माझी स्वतःची भट्टी येते. खोलीही बघून ठेवली आहे. लहान आहे, पण खिडकी उत्तरेला, दाताचा रंग जुळवायला हवा तसा शांत उजेड. मालकीण महिनाअखेरपर्यंत थांबणार आहे. मी काही बोलले तर हे म्हणतात, गाड्यांतलं तुला काय कळतं. तुझं मात्र ऐकतात. शनिवारी त्यांना त्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीत बसव आणि तिथून हलू देऊ नकोस. माझं सगळं त्यावर आहे, बाळा.

वेळेवर जेव. आहेस तसाच राहा, फक्त जरा कमी तापत जा.

तुझी,
ताई


२५ ऑगस्ट

चि. मेहुणेबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी नव्या गाडीचे पैसे भरून आलो ते तू पाहिलंसच, पण रीतसर आभार मानायचे राहिले होते. मी त्या जुन्या गाडीत बसून चांगला रमलो होतो. स्टिअरिंग हातात मस्त बसलं होतं, घेऊनच टाकणार होतो. पण तू मला बाजूला घेतलंस आणि भागीदाराच्या कोऱ्या गाडीशेजारी दुसऱ्याने वापरलेली लावून रोज त्याला काय तोंड दाखवणार, असं विचारलंस. तिथेच माझा निकाल लागला. वर हाताला धरून त्या मुलीच्या टेबलावर नेऊन बसवलंस. स्वतःची विक्री सोडून असा सल्ला देणारा मेहुणा कुणाला मिळतो?

मुलगी मात्र अजब. मी पेन काढलं तरी तिचं चालूच, की यातलं बहुतेक सगळं त्या तीन वर्षांच्या गाडीत आहे, घाई करू नका, एकदा घरी विचारा. मी तिला सांगितलं, माझा मेहुणा या धंद्यातला आहे, तो म्हणतो तेच खरं. मग तिने फॉर्म पुढे केला. विकायचंच नाही तर नोकरी कशाला करते, देव जाणे.

तुझी ताई जरा घुश्शात आहे. भट्टी काय, पुढच्या वर्षीही येईल. येत्या मंगळवारी गाडी ताब्यात घ्यायला येतो. मोकळा राहा, पहिली चक्कर तुझ्याबरोबर.

असाच आमच्या पाठीशी राहा.

तुझा,
भावोजी


२९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

यांनी तुला लिहिलेलं पत्र पाकिटात घालण्याआधी मला कौतुकाने वाचून दाखवलं. मी भाजी चिरत होते. ती चिरून संपवली.

खोलीच्या मालकिणीला नको म्हणून कळवलं. तिने दुसऱ्याच दिवशी ती एका शिंप्याला दिली. लॅबच्या साहेबांना मी नोकरी सोडणार असं सांगून बसले होते. ते शब्द परत घ्यायला त्यांच्या केबिनमध्ये गेले. साहेब चांगले वागले, बसा म्हणाले. मग म्हणाले की मी जाणार म्हणून माझ्या जागी त्यांनी नवी मुलगी नेमली आहे, आता तिला लगेच कसं काढायचं, तेव्हा मी तिच्या हाताखाली काम करावं. पूर्वी ती शिकाऊ म्हणून आली होती, तेव्हा दाताची पावडर कालवायची वाटी कशी धरायची ते तिला मीच शिकवलं होतं. मी हो म्हटलं.

तू कॉलेज सोडलंस तेव्हा घरात तुझ्या बाजूने एकटी मी बोलले होते, ते मी काढत नाही. मला एकच विचारायचं आहे. त्या शनिवारी तू माझं पत्र विसरला होतास का? विसरला असशील तर तसं लिही. मी तेच खरं धरीन.

ताई


५ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लोभ असू दे, ही विनंती आज वरच करून ठेवतो. खाली पोचेपर्यंत ती करायला तोंड उरणार नाही.

विसरलो नव्हतो. पत्र माझ्या खिशात होतं. भावोजी जुन्या गाडीत बसले होते आणि समोर मॅनेजर तिच्याकडे बघून जिन्याकडे बोट दाखवत हसत होता. माझं डोकं फिरलं. ताई काय, ताई समजून घेईल, असं वाटलं. तू नेहमी घेतेस.

मंगळवारी भावोजी किल्ली घ्यायला आले. सगळ्यांसमोर तिला मोठ्याने म्हणाले, आभार माझ्या मेहुण्याचे माना, नाहीतर तुमचं काही खरं नव्हतं, आणि माझी बायको मात्र भट्टीसाठी तोंड फुगवून बसली आहे. सगळे हसले. एकजण म्हणाला, आता आम्हालाही मेहुणे पुरवा. ती हसली नाही. कागद पूर्ण केले, किल्ली दिली, गाडी बाहेर पडेपर्यंत दारात उभी राहिली.

नंतर डबे धुवायच्या खोलीत मी तिला गाठलं. तुझ्यासाठी केलं म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, ती आता वळून बघेल, काहीतरी गोड बोलेल, असं वाटत होतं. तिने नळ बंद केला आणि विचारलं की ताईंच्या भट्टीचं मला आधी कळलं होतं की नंतर. आधी, म्हटलं. मग विचारलं, मला स्वतःला कुठली गाडी बरी वाटत होती. जुनी, म्हटलं. तिने डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, वरच्या मजल्यावर बसायचं मी आज मागून घेतलं, या विक्रीवर मला खाली बसायचं नाही.

मी तापलो, ताई. नको नको ते बोललो. तुझ्यापायी सख्ख्या बहिणीचं वाटोळं केलं आणि तुला त्याची किंमत नाही, इथपर्यंत बोललो. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, उद्या माझं असंच कुणासाठी करशील?

तुझ्याशी मी असं कधीच वागणार नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ताई, तुझ्याविषयीही मला अगदी हेच वाटत आलं होतं. ती वाट बघत उभी होती, खरोखर उत्तर हवं असल्यासारखी. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.