आरशाचे बोल्ट

मुनिसा,
मी बाजारात गेलोय. तुझ्या बाइकच्या आरशाचे नवे प्लॅस्टिकचे बोल्ट चहाच्या किटलीजवळ ठेवलेत. मूळचेही तसलेच होते. गाडी पडली की बोल्ट तुटावा आणि आरसा ज्यावर बसतो ते पुढचं कव्हर वाचावं, म्हणून. मला ते खेळण्यातले वाटले. तुला न विचारता मीच स्टीलचे बसवले. म्हणून परवा अंगणात गाडी कलंडली तेव्हा आरसा शाबूत राहिला आणि कव्हर फुटलं. वर मी तुझ्याच चालवण्यावर तोंडसुख घेतलं. चुकलं माझं.

बोल्ट फार आवळू नकोस. आवळायची खोड माझी.

बिश्केकला खुशाल जा. फक्त निघताना नानचा एक घास खा. उरलेला नान नेहमीसारखा तू परत येईपर्यंत खुंटीला टांगतो. रागाने तशीच गेलीस, तर मी काय टांगू?

बाबा