वर्गातली आणि घरची

रामपायली, १२ जानेवारी २०२५

ती. नूतनआत्यास,
श्रुतिकाचा सा. न. वि. वि.

फोन सासूबाईंच्या कपाटात गेलाय, म्हणून पत्र. शेजारची मंजू टपालात टाकेल. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव.

ओटीभरणाला मी उचललेल्या वाटीखाली बर्फी निघाली. मुलगी होणार म्हणून बायका हसल्या. सासूबाई म्हणाल्या, मग पाठोपाठ दुसरं होऊ द्या. तेव्हा तू, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन, भर अंगणात म्हणालीस, "एवढ्यात नाही हो इहीणबाई, पोरगी बाळंतपणातच तांबी बसवून घेणार हाये."

आत्या, बालाघाटला तुझ्या गरोदर मुलींच्या वर्गात मीही बसले होते. आम्ही सगळ्या अठरा-एकोणीसच्या, माना खाली घालून. पाळणा कसा लांबवायचा ते तू सांगितलंस, आणि इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हेही. म्हणून तर वर्ग सुटल्यावर तुझ्या कानात सांगितलं, की मूल थोडं मोठं होईपर्यंत दुसरं नको, राहिलेलं बी.ए. पुरं करायचंय. यांना सांगायचा धीर गोळा करत होते. यांना ते अंगणात कळलं. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत.

आता बाळंतपणाला लालबर्‍याला, माहेरी पाठवणार नाहीत. तिकडे आत्या काहीतरी बसवून देईल म्हणे.

बारशाला माझ्या कानात माझं नाव तू सांगितलंस. मी तुझ्या कानात सांगितलेलं तू गावभर केलंस. काहून?

तुझी श्रुतिका


बालाघाट, २० जानेवारी २०२५

चि. सौ. श्रुतिकास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला नाही. नाकावर राग तुझ्या पाळण्यापासूनचा, पण माझ्यावर एवढा?

अगं, गमतीत बोलून गेले. वर्गातल्या मुलींचं मी आजवर कोणापाशी बोलले नाही, अगदी त्यांच्या आयांपाशीसुद्धा. पण तू काय वर्गातली आहेस? तू घरची. तुझी सासू मैनाबाई माझी शाळेतली मैत्रीण, हे स्थळ मीच आणलं. तिच्यापासून काय लपवायचं? मी येते आणि तिला नीट समजावते. दूध घेत जा, जड उचलू नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
नूतनआत्या


रामपायली, ३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. आम्ही दोघी बर्‍या आहोत.

तू समजावून गेलीस त्या दिवसापासून सासूबाई माझ्या जवळून हलल्या नाहीत. दवाखान्यात नर्सबाईंनी तांबीचं मलाच विचारलं. मी कळांनी अर्धमेली. सासूबाईंनी नाही म्हणून सांगितलं आणि ते तसंच राहिलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. त्यांच्यापेक्षा तुझाच राग जास्त आला.

मुलीला मांडीवर घेतल्यावर हे बोलायला लागले. म्हणाले, "मले पहिले सांगतलं असतं त मी कायले नाही म्हटलं असतं?" सव्वा महिना झाला की आम्ही दोघंच जाऊन हवं ते करून येऊ. कुठे आणि कधी, ते तुला लिहीत नाही.

बारशाला ये. नातीला खेळव. माझा लोभ होता तसाच आहे, मनातलं मात्र आता विचारू नकोस.

आणि मंजूला दिवस गेलेत. तिला तुझ्या वर्गाला पाठवतेय. तू शिकवतेस चांगलं, आणि ती परकी आहे. तिचं तू कोणाला सांगणार नाहीस.

श्रुतिका