अबू दाखिलला आता झोप लागते

प्रिय आई,

बसऱ्याहून नईमचा सलाम, तुझ्या हातांना ओठ लावून. मी बरा आहे, काळजी करू नकोस.

झोपेत श्वास अडकू नये म्हणून डॉक्टरांनी मशीन दिलंय. नाकावर मास्क बांधायचा, नळीतून हवा येत राहते. सुरुवातीला मी तो झोपेतच ओढून काढायचो. आता सवय होतेय, सकाळी डोकंही दुखत नाही.

उकाड्यामुळे आम्ही सगळे भाडेकरू गच्चीवरच झोपतो. मशीनसाठी गल्लीतल्या जनरेटरची वायर वरपर्यंत घेतलीय. शेजारच्या खाटेवरचा अबू दाखिल माझ्या घोरण्याला वैतागायचा, पण आवाज मध्येच थांबला की काठीने ढोसायचाही. परवा चहा पिताना म्हणाला, "नईम, ट्रॅक्टर विकलास की काय? कित्येक वर्षांनी मेल्यासारखा झोपलो रे." सगळे हसले. मीही हसलो.

जनरेटर कधीकधी बंद पडतो, मग हवा येत नाही. पण मला आपोआप जाग येते. आतापर्यंत तरी आलीय. अबू दाखिलची काठी हल्ली कबुतरांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलेली असते.

तू गुडघ्यांना तेल लावतेस ना? हातिम अजून बाबांसारखाच घोरतो का?

बाबा गेले त्या उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर त्यांचं घोरणं थांबलं, तेव्हा तू आम्हा दोघा भावांना दटावलं होतंस, "गप्प पडा, आज कुठे शांत झोपलेत." तुला तरी काय माहीत, आई. कुणालाच माहीत नव्हतं.

हातिमची खाट तुझ्या खाटेला लावून घे. घोरत असला तर घोरू दे. गप्प झाला, की लगेच हलवून उठव.

तुझ्या दुआंवर जगणारा,
नईम