शिरपूर एका प्रकाशवर्षावर

फैजपूर, रविवार

आदरणीय केसरअक्कास,
धाकट्या रविंद्रचा सविनय जय भीम.

इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे या पावसाळ्यात कसे आहेत ते कळव. भाऊजींचा खोकला डॉक्टरने बरा केला की भाऊजींनी पुन्हा डॉक्टरच बदलला, तेही कळव. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू आधी बोलतेस आणि मग ठेवतेस (राग मानू नकोस, मला त्याची सवय आहे). पत्र मात्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

वृषालीला पुण्यात खगोलशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, हे सांगायला मी फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, "पोरले इतलं दूर कसाले धाडस? शिरपूरमा कालेज शे ना." फोन स्पीकरवर होता. वृषाली ताटावरून उठली नाही, पण पुढे जेवलीही नाही. खरं सांगतो अक्का, मला तेव्हा बरंच वाटलं. एकुलती एक पोर. भुसावळला कॉलेजात जाऊन संध्याकाळी परत येते, तरी तिची आई कामिनी दाराकडे डोळे लावून बसते, आणि कामिनी बघत नसली की मी. आपली आई गेल्यापासून घरात तुझा शब्द शेवटचा, आणि यावेळी तो मला सोयीचाही होता. अक्का नको म्हणते म्हणजे नको, असं म्हणून मी हात धुतले.

पण पोर कोणाची? दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने मला शिकवायला घेतलं. ताऱ्यांच्या धंद्यात म्हणे किलोमीटरला कोणी विचारत नाही. सूर्यापासून पृथ्वी सुमारे पंधरा कोटी किलोमीटर, ते अंतर एक धरायचं आणि त्या मापाने बाकीचं मोजायचं. त्या मापाने फैजपूर ते पुणे किती, तर शून्य, पुढे टिंब, पुढे आणखी पाच शून्यं आणि मग कुठे तीन. म्हणजे नाहीच म्हण ना. मी म्हटलं, मग या नसलेल्या अंतराला एसटी दहा तास का घेते? त्याहून मोठं माप म्हणजे प्रकाशवर्ष, उजेड वर्षभर पळून जितका लांब जाईल तितकं. वर्ष हे अंतर कसं असेल, असं मी चांगलं तावातावाने विचारलं. ती म्हणाली, आपण जळगाव दीड तासावर आहे म्हणतो तसंच. यावर मी चहा गार झाल्याबद्दल बोललो.

तोंडी पटत नाही म्हटल्यावर तिने बागेत सूर्यमाला मांडली. आपली केळी पाच-पाच फुटांवर लावलेली, तू पाहिलीच आहेस. विहिरीच्या काठावर पितळी घागर पालथी घातली, तो सूर्य. पाच फूट म्हणजे ते पंधरा कोटी किलोमीटर. पहिली केळ पृथ्वी, पाचवी गुरू, नवव्या-दहाव्या केळीच्या मध्ये शनी (तो नवव्या केळीला बांधला, थोडं चालतं म्हणे), एकोणिसावी युरेनस, तिसावी नेपच्यून. आणि प्रत्येकीला तिने आपल्या जुन्या शाळेच्या वेणीची लाल रिबीन बांधली. इथेच घात झाला. कारण आपल्याकडे व्यापाऱ्याचा माणूस घड बघून जातो आणि जो कापायचा त्या केळीला लाल चिंधी बांधून ठेवतो, हे पोरीला ठाऊक, मला ठाऊक, आणि दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सकाळी आम्ही चहा घेतोय तोवर कापणीवाले सूर्यमाला ट्रकजवळ घेऊन आले होते. गुरू कच्चा, शनी कच्चा, नेपच्यूनला तर अजून शेवटची फणी भरलेली नाही. पृथ्वी तेवढी वाचली, कारण तिची रिबीन आपल्या शेळीने आदल्या दिवशीच खाल्ली होती. मी हबीबभाईवर (आपला केळीचा व्यापारी, सावद्याचा) तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला की चिंधी दिसली की कापायचं, घडावर काही गुरू-शनी लिहिलेलं नव्हतं.

मग वृषालीने त्याला सगळं समजावलं, तर हा गडी कापणी सोडून बांधावर बसला. तिसाव्या केळीच्या पुढे काय, म्हणे. ती म्हणाली, पुढे सगळ्यात जवळचा तारा, पण तो या मापाने दोन लाख अडुसष्ट हजार केळींवर. तेवढ्या केळींच्या रांगेचे किलोमीटर तिने मोबाइलवर काढले, चारशे आठ. हबीबभाईच्या गाड्या सगळीकडे जातात. तो लगेच म्हणाला, म्हणजे शिक्रापूर, तिथून पुणं तासाभरावर.

मी टाळी वाजवली, अक्का. पुणं जवळ आहे हे दाखवायला निघालेली पोर पुण्याला थेट ताऱ्यावर बसवून आली होती. तुझाच विजय. पण तिचा चेहरा पाहिला आणि वाजवलेली टाळी कुठे लपवू असं झालं. ती विहिरीवर घागरीशेजारी बसून राहिली, आणि मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, पण सगळ्यात जवळचा तोच आहे ना."

दुपारी मी तिच्याकडून आणखी एक हिशेब करून घेतला. त्याच मापाने शिरपूर कुठे येतं? यावल, चोपडा करत जाऊन एका प्रकाशवर्षाच्याही (आपल्या केळींत ते शहाण्णव किलोमीटर) थोडं पुढे. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी तू प्रकाशवर्ष ओलांडून नांदायला गेलीस, तेही एका ट्रंकेनिशी, आणि मी ओट्यावर रडलो होतो की अक्का आता दिसणारच नाही. आणि तू दर आखाजीला सणासाठी माहेरी आलीस. एकही आखाजी चुकली नाही. मग ही का येणार नाही?

तू काय ठरवशील ते ठरव. भाऊजींना जय भीम, तुझ्या तेजसला आशीर्वाद.

तुझा,
रविंद्र

ता. क. वृषालीने पत्र वाचलं. म्हणते, तारे रस्त्याने मोजत नाहीत, सरळ रेषेत मोजतात. तसं मोजलं तर तारा भोरच्या डोंगरात जातो आणि पुणं त्याच्या अलीकडे राहतं. म्हणजे वरचं सगळं चुकलंच आहे, पण पुन्हा लिहायचा मला कंटाळा.

पुन्हा ता. क. येत्या रविवारच्या पुण्याच्या गाडीची तिकिटं काढली आहेत. दोन. दुसरं माझं नाही, तुझं आहे, खिडकीजवळचं, तुला मळमळतं म्हणून. चार दिवस तिच्यापाशी राहा. परक्या गावी पहिल्या रात्री झोप लागत नाही तेव्हा काय करायचं, ते तिला सांग. मला ते माहीत नाही, अक्का. आपल्या घरातून इतकं लांब जाऊन राहिलेली तू एकटीच आहेस.