उजवीकडे अडलेली मान

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बसून वाच, कारण मी उभ्या उभ्याच लिहितेय! आज फिजिओथेरपीच्या तासाला आमच्या बाईंनी मानेतून उठणारी डोकेदुखी शिकवली आणि वाक्यावाक्याला मला तू दिसत होतीस. दुखणं नेहमी एकाच बाजूला, मानेमागून चढत डोळ्याच्या वर येऊन बसणारं, मान वळवली की वाढणारं. गेल्या खेपेला मी मागून हाक मारली, तर तू खुर्चीसकट वळलीस. मी हसले होते. आता लाज वाटते.

छापखान्यात बावीस वर्षं तू उजवीकडे मूळ प्रत ठेवून समोरची प्रुफं तपासतेस. डोक्याचे फोटो स्वच्छ, चष्म्याचा नंबर बरोबर, म्हणून सगळ्यांनी दुखणं मनाचं ठरवलं. बाबांनीसुद्धा. पण तुझ्या मानेला कुणी हात तरी लावला का?

दुखण्यापायी लिहून ठेवलेला राजीनामा आठवडाभर खणातच राहू दे. तुमच्या गावच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जा. घरी स्वतःच मान पिळून बघू नकोस हं. माझा अंदाज चुकला तर पोटभर बोल, पण जा!

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
भिंगरी

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, सापडलं! तुझ्या पत्रातली निम्मी उद्गारचिन्हं एरवी मी खोडली असती. आज माझीच आवरत नाहीत.

बाईंनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. मग मला उताणं झोपवलं, हनुवटी छातीकडे वाकवली आणि डोकं दोन्ही हातांत धरून हळूच वळवलं. डावीकडे छान गेलं. उजवीकडे अर्ध्यावर ठप्प, पावसाळ्यात फुगलेल्या खणासारखं! मला पत्ताच नव्हता.

मग कवटीच्या खाली बोटांनी एकेक सांधा दाबत गेल्या. उजवीकडे एके ठिकाणी दाबलं मात्र, माझं ते दुखणं, अगदी तेच, डोळ्यावर चढलं. बोट काढलं, ओसरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. मी रडायलाच लागले. बाई घाबरल्या, फार दुखलं का म्हणाल्या. मी म्हटलं, चार वर्षं हे मला एकटीलाच माहीत होतं, आज दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला लागलं.

शेवटी पडल्या पडल्या हनुवटी जराशी आत ओढून धरायला सांगितली. दहा आकडे मोजेपर्यंतसुद्धा टिकले नाही, मान थरथरायला लागली. बाई म्हणाल्या, एकाच खुणेवर त्या भरवसा ठेवत नाहीत, पण इथे सगळ्या मानेकडेच बोट दाखवताहेत. आता आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जायचं, रोज घरी व्यायाम, आणि उजवीकडे वळून वाचणं बंद. दोन महिने तरी धीर धरा म्हणाल्या.

हा कागद उलटून बघ. मागे माझा राजीनामा आहे, पाठकोरा कागद म्हणून तो असा कामी आला.

तुझ्या हुशारीवर जीव ओवाळून टाकणारी,
आत्या

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगरीनं तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि लगेच मला सतरंजीवर आडवं करून माझी मान तपासली. दोन्हीकडे सारखी वळते. पोरगी घरभर नाचतेय. मला मात्र तोंड लपवावंसं वाटतंय.

तू डोकं धरून बसलीस की मी म्हणायचो, हिचं नेहमीचंच. सुतार माणूस मी. रंग दिलेल्या फळीतली गाठसुद्धा बोटांनी ओळखतो. सख्ख्या बहिणीचं दुखणं मात्र न बघताच खोटं ठरवलं. चुकलो, ताई.

कालच सागाच्या फळीला रंधा मारून ठेवलाय. मूळ प्रत प्रुफाच्या वर, नाकासमोर राहील असा उतरता स्टँड करतोय. म्हणजे मान वळवायलाच नको. उंची तुझ्या डोळ्यांच्या मापाची हवी. ते माप पत्रानं मागवत नाही; रविवारी टेप घेऊन स्वतः येतो. तू खुर्चीत ताठ बस, मी मोजतो. काय बोलायचं ते मोजून झाल्यावर बोल. त्या दिवशी मी उलट उत्तर देणार नाही.

तुझ्या रागालाही आपला मानणारा,
धाकटा